डॉक्टरांनी तिला विचारलं होतं

छातीतल्या जळजळीवर श्वासाचा व्यायाम असतो, हे परभणीतल्या एका डॉक्टरांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. माझं घर परभणीत, शाळा जिंतूरच्या पलीकडे, चारठाण्याच्या बाजूला. सकाळी रिकाम्या पोटी दोन कप चहा घ्यायचा आणि मोटारसायकलवर बसायचं. दुपारी डब्यातली भाकरी आणि ठेचा, घरी पोचल्यावर भरपेट जेवण आणि लगेच आडवं होणं. माझी कितीतरी वर्षं अशी गेली. चाळिशी ओलांडली आणि घशाशी आंबट पाणी येऊ लागलं. फळ्याखाली पडलेला खडू उचलायला वाकलो तरी तोंड कडू व्हायचं.

डॉक्टरांनी मला उताणं झोपवलं. माझा एक हात छातीवर ठेवला, दुसरा पोटावर. म्हणाले, "सर, वरचा हात हलायला नको. खालचा वर यायला पाहिजे. चार मोजेपर्यंत नाकानं आत, सहा मोजेपर्यंत तोंडानं बाहेर." मला जमेना. छाती फुगायची आणि पोट आत जायचं. त्यांनी समजावून सांगितलं की छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक पडदा असतो आणि अन्ननलिका त्यातून खाली उतरते. तो पडदा ढिला पडला की पोटातलं आम्ल वर चढतं. पोटानं श्वास घेतला की पडदा कामाला लागतो. जेवल्यावर लगेच करायचं नाही, पोट हलकं असताना करायचं. खाटेचे डोक्याकडचे पाय विटांवर ठेवायचे. गोळ्याही होत्याच. दोन महिन्यांत मला आराम पडला. त्याचं श्रेय मी गोळ्यांना दिलं नाही, श्वासाला दिलं. खरं सांगायचं तर स्वतःलाच दिलं.

शिक्षकाला एखादी गोष्ट जमली की ती दुसऱ्याला शिकवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी शाळेतल्या सहकाऱ्यांना टेबलावर झोपवून शिकवलं, साडूला शिकवलं, बायकोला शिकवलं. बायको एकदाच म्हणाली, "श्वास घेते मी, पण आधी मला वेळेवर जेवू द्या." मी ते हसण्यावारी नेलं.

माझी अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी होती. आई गेली तेव्हा मी चौथीत होतो. त्यानंतर मला अंघोळ घालण्यापासून डी.एड.ला पाठवण्यापर्यंत सगळं तिनं केलं. तिचा नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. ती परभणीजवळच्या पिंगळीला दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची आणि गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. मला नोकरी लागली त्या दिवसापासून ती मला 'गुर्जी' म्हणायला लागली. आधी कौतुकानं म्हणायची. पुढं त्यात थोडी थट्टा आली आणि नंतर, माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला, थोडी भीतीही आली.

आमच्या भागात बायका मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून पूड करायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटानं दातांवर घासत बसायची. अक्काच्या दाराशी चार-पाच जणी बसायच्या. तोंडात बोट असल्यानं त्यांचं बोलणं अर्धं नाकातून यायचं आणि तरी सगळं एकमेकींना कळायचं. अक्का लहानपणीच शिकली असणार. आईही लावायची.

मला ते आवडत नव्हतं. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून विहारात वंदना होते, पंचशील घेतलं जातं, आणि पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं आहे. पुरुषांच्या दारूवर सगळे बोलतात, बायकांच्या मिश्रीवर कोणी बोलत नाही, असं मला वाटायचं. एका पौर्णिमेला पिंगळीच्या विहारात मला बोलायला उभं केलं, तेव्हा मी नेमका तोच विषय घेतला. तासभर बोललो असेन. शेवटी एक रिकामं घमेलं पुढं ठेवलं आणि म्हणालो, ज्यांना शील खरं पाळायचंय त्यांनी आपापली डबी यात टाकावी.

कोणी उठेना. मी अक्काकडं पाहिलं.

ती उठली. कमरेची पिशवी सोडली, पितळेची छोटी डबी काढली आणि घमेल्यात टाकली. मग एकेक करत सगळ्या उठल्या. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. मी तो फोटो माझ्या शाळेच्या कार्यालयात लावला आणि येईल त्याला दाखवला. पहिली डबी माझ्या बहिणीची, असं सांगताना माझा आवाज चढायचा.

त्यानंतर तीनेक वर्षांनी अक्का मला म्हणाली, "गुर्जी, छातीत आग पडायलीय रे. जेवलं की आंबट पाणी वर येतंय. तुला व्हायचं तसंच हाय."

मला, सांगायला लाज वाटते, आनंदच झाला. म्हणालो, "मग सोपं आहे. माझ्याच डॉक्टरांकडं जाऊ."

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. कधीपासून, जेवण काय, वजन कमी झालं का. ती हळूहळू उत्तरं देत होती. मग त्यांनी विचारलं, "मावशी, तंबाखू, मिश्री, काही लावता का?"

प्रश्न तिला होता. तिनं तोंड उघडलंही असेल, मला आठवत नाही. मीच म्हणालो, "छे छे, डॉक्टर. आमच्या घरात नाही ते. हिनं तर साऱ्या गावाआधी सोडली." आणि घमेल्याची गोष्ट सुरू केली. डॉक्टर कौतुकानं म्हणाले, "वा मावशी." अक्का हसली. कागदावर त्यांनी 'नाही' लिहिलं.

मग तेच, पोटानं श्वास घ्यायचा, गोळ्या घ्यायच्या, विटा ठेवायच्या. निघताना ते म्हणाले, "गिळताना अडकायला लागलं किंवा वजन उतरलं, तर एक दिवसही थांबू नका. लगेच या." मी मान हलवली. शेजारी बसून तिनंही हलवली.

श्वास तिला एकटीला जमेना. पोटावर हात ठेवला की तिला हसू यायचं. म्हणून मी रोज संध्याकाळी सहाला फोन करू लागलो. त्याआधी मी तिला पंधरा दिवसांतून एकदा फोन करायचो, तोही काही काम असलं तर. आता ती फोन स्पीकरवर टाकून उशाशी ठेवायची आणि मी इकडून मोजायचो.

"एक, दोन, तीन, चार. सोड आता."

"सोडलं."

"सहापर्यंत सोडायचं, अक्का. एकदम नाही."

"तू मोजतोसच हळू. शाळेत पोरायला बी असंच शिकवतोस का? पोरं झोपत असतील."

दहा वेळा झालं की ती म्हणायची, "बरं वाटायलंय." मग बोलणं सुरू व्हायचं. खिचडीत डाळ कशी आली, कोणाची म्हैस व्याली, स्टेशनात कोण भेटलं. कधी ती माझ्या लहानपणचं काही सांगायची. मी पाचवीत असताना शाळेतून पळून ज्वारीत लपलो आणि तिनं मला कसं शोधलं, हे ती प्रत्येक वेळी नव्या तपशिलासह सांगायची. श्वासाला पाच मिनिटं लागायची, फोन अर्धा तास चालायचा. आमच्या आयुष्यात आम्ही कधी एवढं बोललो नव्हतो.

सात-आठ महिने असे गेले. मधे मी दोनदा पिंगळीला गेलो. पहिल्या वेळी ती भाकरी कुस्करून वरणात काला करून खात होती. आमच्याकडं तसं सगळेच खातात, मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या वेळी ती नुसती खिचडी खात होती, तीही पाणी घालून पातळ केलेली. मी म्हणालो, "दात दुखतात का?" ती म्हणाली, "व्हय, दातच." तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तेही मी पाहिलं. पाहिलं आणि म्हणालो, "अक्का, बारीक झालीस, चांगलं आहे. पोट कमी झालं की जळजळ कमी होते." हे वाक्य मी म्हणालो. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याला माफ केलं नसतं.

एका रविवारी तिला पाणीही खाली जाईना, तेव्हा शेजारणीनं मला फोन केला. ही शेजारीण अक्काच्याच वयाची, भिंतीला भिंत लागून राहणारी. परभणीच्या डॉक्टरांनी अक्काला पाहिलं आणि लगेच नांदेडला पाठवलं. तिथं दुर्बीण घालून आतून पाहिलं, तुकडा तपासायला घेतला. अहवाल आला त्या दिवशी तिथल्या डॉक्टरीण बाईंनी आम्हाला आत बोलावलं. तिशीच्या असतील. मी फाईल उघडून सांगायला लागलो, "मॅडम, त्रास असा सुरू झाला..."

त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा. मला आजींशी बोलायचंय."

मला राग आला. मी भाऊ होतो, शिक्षक होतो, सगळी माहिती मला होती. तरी बाहेर बसलो. दाराला काच होती. अक्काची पाठ दिसत होती. सुरुवातीला ती ताठ बसली होती. मग तिचे खांदे खाली आले आणि ती बोलू लागली. बराच वेळ बोलत होती. मला ऐकू काही येत नव्हतं.

मला आत घेतल्यावर डॉक्टरीण बाईंनी अन्ननलिकेच्या कॅन्सरबद्दल सांगितलं, तो कुठपर्यंत गेला आहे ते सांगितलं. मग म्हणाल्या, "मिश्री दिवसातून चार-पाच वेळा. लहानपणापासून. मधे कधी सुटली नाही." मी अक्काकडं पाहिलं. ती टेबलावरच्या पेनाकडं बघत होती. मी विचारलं, हे आठ महिन्यांपूर्वी माहीत असतं तर? त्या म्हणाल्या, "तर कदाचित तेव्हाच दुर्बीण घातली असती. कदाचित लवकर सापडलं असतं. नक्की सांगता येत नाही." त्यांनी ते माझी समजूत घालण्यासाठी म्हटलं की खरंच तसं होतं, मला ठाऊक नाही. त्या 'कदाचित'च्या आत मी आजही राहतो.

परत येताना पॅसेंजरमध्ये बसायला जागा मिळाली. पूर्णा स्टेशन मागं पडलं. मग मी विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

"तुला काय सांगायचं? तूच डाक्टरला म्हणलास न्हाई म्हून. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तू लय खुश व्हतास."

"मग नंतर सांगायचं. मी रोज फोन करत होतो, अक्का. रोज."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. म्हणाली, "म्हून तर न्हाई सांगितलं."

मला कळलं नाही. ती म्हणाली, "अडकायलंय म्हणलं असतं तर तू म्हणला असतास, श्वासानं काई होईना, बंद कर. मग सहा वाजता काय केलं असतं मी?" थोड्या वेळानं पुढं म्हणाली, "आन् श्वासानं बरं बी वाटायचं, खोटं न्हाई बोलले. थोडी आग कमी व्हायची. नुस्तं अडकायचं तेवढं राह्यलं."

"आणि घमेल्यात टाकलेली डबी?"

आता ती हसली. "येडाच हायस. ती जुनी व्हती, झाकण बसत नव्हतं तिचं. चांगली घरी व्हती."

मलाही हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. समोरचा माणूस उठून दाराकडं गेला. अक्कानं पदरानं माझं तोंड पुसलं, चौथीतल्या पोराचं पुसावं तसं, आणि म्हणाली, "गप. लोक बघायलेत. गुर्जी हायस ना तू?"

त्यानंतर ती साडेचार महिने होती. मी तिला परभणीला घरी आणलं. किरणं दिली, नळी बसवली, नळीतून पातळ अन्न जायचं. उताणं झोपता येत नसे, उशा लावून अर्धवट बसवावं लागे. सहाला ती स्वतःच पोटावर हात ठेवायची. मी समोर बसून मोजायचो. शेवटी शेवटी चारऐवजी दोनच मोजायचो, आणि तिला तेही पुरायचं नाही. मी तिला मिश्रीबद्दल बोललो नाही. एकदा तिनं मागितली. मी बायकोला म्हणालो, आण. बायकोनं शेजारून आणली. तोवर अक्काला झोप लागली होती, आणि पुन्हा तिनं मागितली नाही.

अक्का गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पिंगळीच्याच विहारात झाला. वंदना झाली, मग एकेकजण बोलले. विहार समितीतले एक वडीलधारे उठले आणि म्हणाले, "या गावात मिश्रीची पहिली डबी ज्या बाईनं टाकली, ती आज आपल्यात नाही. तिच्या भावानं ती प्रेरणा दिली." बायका एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला तेव्हा वाटलं, दुःखानं घातल्या.

मग मला बोलायला सांगितलं. खरं सांगितलं तर तिनं इतकी वर्षं झाकून ठेवलेलं मी गावासमोर उघडं करणार होतो. नाही सांगितलं तर डॉक्टरांच्या खोलीत जे केलं तेच पुन्हा करणार होतो. मी उभा राहिलो. एवढंच म्हणालो, "डॉक्टरांनी अक्काला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी दिलं. ते खोटं होतं, आणि तिला खरं बोलता येणार नाही अशी व्यवस्था मीच आधी करून ठेवली होती. तिची यात काही चूक नाही. मला हे तुमच्यासमोर सांगायचं होतं." आणि खाली बसलो. वडीलधारे गृहस्थ गोंधळले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मला दुःखानं सुचेना झालंय असं त्यांना वाटलं असावं.

जेवणं झाल्यावर मी अक्काच्या घराचं कुलूप बघायला गेलो. ती शेजारीण मागून आली. म्हणाली, "भाऊ, एक इचारू? तुमाला खरंच ठावं नव्हतं?"

"काय?"

"आमी सगळ्याच लावतो. कुणीच सोडली न्हाई. घमेल्यातल्या डब्या बी दुसऱ्या दिवशी आमीच उचलून आणल्या. तुमी येताना दिसलात की अक्काच म्हणायची, उठा गं उठा, गुर्जी येतोय. मंग आमी तोंड धुवायला पळायचो. लय हसायचो." ती हसली नाही. "लय गंमत वाटायची तवा."

मी कुलपाची किल्ली हातात धरून उभा होतो. माझ्या पाठीमागं सगळं गाव मला जपत होतं आणि मी त्याला माझा विजय समजत होतो.

ती गेली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मला बी अडकायलंय. दिवाळीपासून. भाकर खाली जाईना. पोरगा म्हणतो, गॅस हाय, अक्कावाणी पोटानं श्वास घे. घेते मी. तिनंच शिकवला व्हता."

मी तिला म्हणालो, श्वास घ्यायला हरकत नाही, पण त्यावर थांबायचं नाही. उद्या सकाळच्या गाडीनं नांदेडला जाऊ. मी सोबत येतो, पण आत तुम्ही एकट्याच जायचं. मी काही बोलणार नाही, आणि विचारतील ते खरं सांगायचं. ती म्हणाली, "बघू. पोराला इचारते."

दुसऱ्या दिवशी मी पिंगळीच्या स्टेशनावर जाऊन थांबलो. गाडी आली. चार माणसं चढली, दोन उतरली, गाडी गेली. ती आली नाही.

मी चालत गावात गेलो. ती आपल्या दाराच्या पायरीवर बसली होती. तोंडात बोट होतं. मी गल्लीच्या टोकापासून दिसत असणार. ती उठेल, आत पळेल, म्हणून मी पावलं हळू केली. ती उठली नाही. मी अगदी समोर जाऊन उभा राहिलो तरी उठली नाही. डोळे सुजलेले होते. रात्रभर झोपली नसावी.

"गाडी गेली का?" तिनं बोट न काढताच विचारलं.

"गेली. दुसरी आहे."

"पोरगा नगं म्हणतो. म्हणतो, काई निघालं तर?"

निघेल, असंच मला वाटत होतं. निघालं तर किती उशीर झालेला असेल, हे मी तिच्या सैल झालेल्या बांगड्यांवरून ओळखायला शिकलो होतो. मी तिला धीराचं काही बोललो नाही. एवढंच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

ती माझ्याकडं बघत राहिली, जणू हा प्रश्न तिला ओळखीचा नव्हता. मग बाजूला थुंकली.

"थांबा," ती म्हणाली. "तोंड धुते. डबी बी घेते संगं, त्या डाक्टरीण बाईला दाखवायला."

ती आत गेली. मी पायरीवर बसलो आणि वाट पाहत राहिलो.